गोठ्याचं वर्कशॉप करताय, पण भिंतीला लाकूड कुठलं?

पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापून देतो:

"नमस्कार. मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपला बॉडीच्या कामावर होतो, रिटायर होऊन आता चिपळूणजवळ गावी राहतो. घराला लागून १२ बाय १८ चा गोठा आहे, गुरं जाऊन सहा वर्षं झाली. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. तिथं मला हौसेपुरतं सुतारकामाचं वर्कशॉप करायचंय आणि आतून भिंतींना लाकडी पॅनेलिंग करायचंय, म्हणजे हत्यारं टांगता येतील आणि जागा जरा बरी दिसेल. पुतण्या म्हणतो पीव्हीसी पॅनेल लावा, एका दिवसात काम. गावातला सुतार म्हणतो सागाच्या फळ्याच, दुसरं काही नको. हार्डवेअरवाला एमडीएफचे शीट गळ्यात मारतोय. आणि मिसेस म्हणतात चुना मारा आणि गप्प बसा. २०२१ च्या पुरात गोठ्यात अडीच फूट पाणी होतं. त्याच वर्षी तौक्ते वादळात आमचा फणस पडला, त्याच्या १४ फळ्या पाडून ठेवल्यात, दीड इंच जाड, आठ फूट लांब, नऊ इंच रुंद. बजेट ४० हजार. गणपतीच्या आधी उरकायचं आहे. काय लावू?"

काका, नमस्कार. सगळ्यात आधी काकूंना सांगा की त्या निम्म्या बरोबर आहेत, कशात ते पुढे येईलच. आणि गणपतीच्या आधी पॅनेलिंग उरकायचं हे डोक्यातून काढून टाका, मला माहितीये कोकणात गणपतीच्या आधी घर रंगवून चकाचक झालं पाहिजे, मुंबईकर येणार, पण तुमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये चिऱ्याची भिंत म्हणजे पाणी पिऊन बसलेला स्पंज असतो, त्याच्यावर आत्ता काहीही झाकलंत तरी तुम्ही ओल आत कोंडून ठेवणार. दिवाळीनंतर करा. गणपतीला चुना मारा, लोकं खूष, काकू खूष.

आता तुमचा प्रश्न आहे लाकूड कुठलं. मला विचाराल तर त्याच्या आधीचा प्रश्न भिंत कुठली हा आहे. आणि तुमची भिंत साधी नाहीये, ती गोठ्याची भिंत आहे. पन्नास-साठ वर्षं त्या भिंतीच्या खालच्या भागात गोमूत्र मुरलंय. त्यातून चिऱ्याच्या भोकाभोकांत क्षार तयार होतात, त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो, ती पांढरी पावडर जी बोट फिरवलं की पिठासारखी हाताला लागते. पूर्वी असल्याच जागांमधून सोरा खरवडून काढायचे, बंदुकीच्या दारूसाठी, म्हणजे हे काही नवीन दुखणं नाही. त्या क्षारांची खोड अशी की ते हवेतलं पाणी स्वतःकडे ओढतात, त्यामुळं बाहेरून एक थेंब न येताही भिंत दमट राहते, आणि त्यात बसवलेला साधा लोखंडी स्क्रू फार टिकत नाही, गंजून सुजतो आणि चिऱ्याचा कोपरा फोडतो. तुम्ही पत्र्यातले आहात, गंज म्हणजे काय ते मी तुम्हाला काय सांगणार.

तर आजच्या आज एक करा. जाड प्लॅस्टिकचा फूटभर तुकडा घ्या, भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, एक खाली जमिनीपासून फूटभर उंचीवर, एक वर चार-पाच फुटांवर, आणि असेच दोन पश्चिमेच्या भिंतीवर. दोन दिवसांनी बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, घाम आला असेल तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला आला असेल तर ती हवेतली आहे, मग खिडकीचा आणि वाऱ्याचा विचार करायचा. पाच रुपयांचं काम आहे पण लोक हे न करता पन्नास हजाराचं पॅनेलिंग करतात आणि मग दुसऱ्या पावसाळ्यात मला फोटो पाठवतात.

आता तुमच्या चार सल्लागारांकडे येऊ.

पुतण्याचं पीव्हीसी. फ्लॅटच्या हॉलमध्ये टीव्हीच्या मागे ठीक आहे, वर्कशॉपमध्ये नको. त्याला पाण्याने काही होत नाही हे खरंय, पण त्याच्या मागे काय चाललंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही, ओल मागे साचते, बुरशी मागे वाढते, वाळवी मागून आरामात वर चढते आणि थेट कौलाखालच्या वाशांना जाऊन भिडते, तुम्हाला समोरून मात्र चकचकीत मार्बल डिझाईन दिसतंय. शिवाय ते आतून पोकळ असतं, त्यात स्क्रू धरत नाही, साधी हातोडी टांगायची म्हटलं तरी भोक पडून खाली. आणि जिथं ग्राइंडरच्या ठिणग्या उडणार (उडणारच, तुम्ही एसटीवाले, ग्राइंडर सोडणार थोडेच) तिथं पीव्हीसी पेटलं तर त्याचा धूर फार वाईट असतो. पुतण्याला सांगा काका ऐकत नाहीत.

एमडीएफ. छान सपाट असतं, कापायला लोण्यासारखं, स्वस्त. पण तुमच्या पत्रात "अडीच फूट पाणी" हे तीन शब्द वाचले आणि पुढे विचार करायचं कारणच उरलं नाही. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकाने दाबून केलेलं शीट असतं, त्याची कड एकदा भिजली की ती फुगते आणि परत बसत नाही, पुरात तर त्याची लापशी होते. पूर सोडा, नुसत्या कोकणातल्या पावसाळ्यात खालची कड फुगायला लागते. ते हिरवट रंगाचं एचडीएचएमआर (एमडीएफसारखंच, पण जास्त घट्ट आणि ओल सोसणारं शीट) मिळतं हल्ली, ते त्यापेक्षा बरंच बरं, घरातल्या किचनला मी वापरतो सुद्धा, पण गोठ्याच्या भिंतीला मी लावणार नाही.

सुताराचा साग. इथं मला थोडं स्वतःचं दुःख सांगावं लागेल.

माझं शेड पेणजवळ आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीतून चंद्रपूरकडचा साग मिळाला, वाहतूक पास वगैरे सगळं रीतसर, चार इंच रुंदीच्या फळ्या, एकदम कोरड्या खणखणीत, वाजवल्या की तबल्यासारख्या. एप्रिल महिना. आठ फुटांची भिंत होती दोन कोपऱ्यांमध्ये, बरोब्बर २४ फळ्या बसल्या, जीभ-खाच करून एकमेकीत ठोकून घट्ट, केसाची फट नाही. काय दिसत होती भिंत! मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात फिरवायला लावायचो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री शेडमधून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. बॅटरी घेऊन गेलो तर भिंतीने मधोमध पोट काढलेलं, चक्क चार बोटं बाहेर, दोन गिट्ट्या (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात ठोकतात त्या) चिऱ्यातून उपटून आलेल्या आणि माझी चांगली अर्ध्या इंचाची पटाशी खाली लादीवर धारेवर पडलेली. पटाशीचं अजून वाईट वाटतं.

झालं काय ते नंतर हिशोब केल्यावर कळलं. विदर्भातल्या उन्हाळ्यात लाकडात पाणी असतं सात-आठ टक्के, आमच्याकडे पावसाळ्यात तेच लाकूड हवेतून पाणी पिऊन सोळा-सतरा टक्क्यांवर जातं. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही पण रुंदीत वाढतं, साग त्या मानाने खूप शहाणा, कमी हलतो, तरीसुद्धा चार इंची फळी दीड-पावणेदोन मिलिमीटर फुगते. एकट्या फळीला काही नाही. २४ फळ्यांचं मिळून दीड इंचाच्या वर जातं. आता दोन भिंतींच्या मध्ये अडकलेलं दीड इंच लाकूड जाणार कुठे, पुढे येणार. सागाची काही चूक नाही, मी त्याला श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती.

सुतार सागाचं नाव घेतात ते टिकण्यासाठी, आणि ते खरंच आहे, पण ते गाभ्याच्या लाकडाचं खरं. हल्ली वखारीत जो साग स्वस्तात मिळतो तो लागवडीतल्या कोवळ्या झाडांचा, त्याच्यात कडेचा पांढरा भाग भरपूर, आणि पांढऱ्या भागाला वाळवी सागही म्हणत नाही आणि बाभूळही म्हणत नाही, सरळ खाते. पक्क्या गाभ्याचा साग ४० हजारांत चार भिंतींना होणार नाही, आणि झाला तरी हातोड्या टांगायला गाभ्याचा साग म्हणजे रोजच्या डब्याला चांदीचं ताट.

अजून एक तुम्ही लिहिलं नाहीत पण कोणीतरी सुचवेलच, पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन. पनवेल-उरणकडे बंदरामुळं ढिगाने मिळतं, दिसतं गोरंपान, यूट्यूबवर सगळ्यांच्या वर्कशॉपला तेच असतं. घेतलंत कधी तर त्याच्यावरचा शिक्का बघून घ्या, एचटी असेल तर ते नुसतं तापवून किडीपासून साफ केलेलं असतं, ते चालेल, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड नावाच्या विषारी गॅसची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका. पण तुमच्या गोठ्यात पाइन नकोच, वाळवीला पाइन म्हणजे पुरणपोळी, आणि पावसात त्याच्यावर निळसर-काळे डाग पडतात ते परत निघत नाहीत.

मग काय लावायचं. ऐका.

चारही भिंती झाकू नका. पश्चिमेची भिंत, जिच्यावर पावसाचा मारा बसतो, ती उघडी ठेवा आणि तिला चुना मारा, काकू म्हणतात तसं. प्लॅस्टिक पेंट नको, ऑइल पेंट तर नकोच, चुना, कारण चुन्यातून भिंतीला वाळता येतं आणि अंधाऱ्या गोठ्यात उजेडही वाढतो. दाराच्या भिंतीलाही चुनाच. पॅनेलिंग फक्त दोन भिंतींना, बेंच जिथे येणार ती १८ फुटी आणि तिच्या शेजारची १२ फुटी. (१८ फुटी भिंत पश्चिमेची निघाली तर समोरची घ्या, बेंच तिकडे फिरवा, गव्हाण तशीही तोडायचीच असेल.)

आणि या दोन भिंतींनाही खालचे तीन फूट काहीही लावायचं नाही. उघडा चिरा. माझ्या सगळ्या सल्ल्यात हे तीन फूट सगळ्यात महत्त्वाचे. पूर अडीच फूट आला होता, लाकूड त्याच्या वर. लोणा खालीच असतो, लाकूड त्याच्या वर. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत वर येते, उघड्या चुना मारलेल्या भिंतीवर ती नळी तुम्हाला सकाळी झाडू मारताना दिसेल आणि बोटाने मोडता येईल. आणि बेंचची उंची तुम्ही ३४ इंचाच्या आसपास ठेवणार, म्हणजे पॅनेल बेंचच्या जरासंच वर सुरू होतं, खाली जे झाकलं नाही ते तसंही बेंचमागे दिसत नाही. खाली जुनं सिमेंट प्लास्टर असेल आणि ते पोपडे धरून सुटत असेल तर झाडून काढा, परत सिमेंट थापू नका, सिमेंटने ओल आतल्या आत वर सरकते, चुन्याचा गिलावा करणारा गवंडी मिळाला तर त्याच्याकडून करून घ्या. लोणा पाण्याने धुऊ नका हां, तो विरघळून परत आत जातो, कोरड्या ब्रशने झाडायचा आणि ती पावडर बाहेर टाकायची.

तीन फुटांपासून सात फुटांपर्यंत, म्हणजे चार फूट उंचीचा पट्टा, त्याला १२ मिलिमीटरचं प्लायवूड, आडवं. हो, प्लायवूड, नाक मुरडू नका. त्यात एकावर एक पातळ थर उभे-आडवे चिकटवलेले असतात त्यामुळं ते फळीसारखं रुंदीत पसरत नाही, माझ्या भिंतीसारखं पोट काढणार नाही. पण कुठलंही नाही, आयएस ७१० वालं, ज्याला दुकानात बीडब्ल्यूपी किंवा मरीन म्हणतात. आयएस ३०३ चं एमआर मिळतं ते स्वस्त असतं, दुकानदार तेच पुढे करेल, "वॉटरप्रूफच आहे साहेब" म्हणेल, ते फक्त दमट हवेपुरतं आहे. ७१० चा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे असं स्टॅंडर्ड सांगतं. शीटवर आयएसआयचा शिक्का, ७१० आकडा आणि लायसन नंबर छापलेला असतो, तो नीट बघा, नुसतं "मरीन" लिहिलेलं स्टिकर काही कामाचं नाही. शंका आली तर दुकानातून हातभर तुकडा मागून आणा आणि चार-सहा तास उकळा, थर सुटले तर परत जायचं. जुन्या पातेल्यात उकळा, काकूंचं पातेलं घेतलंत तर मी जबाबदार नाही.

हिशोब बघा किती सरळ बसतो. शीट आठ बाय चार. १८ फुटी भिंतीला आठ, आठ आणि दोन. १२ फुटीला आठ आणि चार. दोन आणि चारचे तुकडे एकाच शीटमधून निघतात, म्हणजे एकूण चार शीट, वर दोन फुटांचा तुकडा उरतो. चार शीट म्हणजे १२८ चौरस फूट, चौरस फुटाला ९० रुपये धरा तर साडेअकरा हजार, तुमच्याकडचा भाव थोडा वर-खाली असेल. एक शीट साधारण २५ किलोचं असतं, पुतण्याला बोलवा, पीव्हीसीची भरपाई.

आता फणस. काका, तुमच्याकडे सोनं पडलंय आणि तुम्ही पत्रात शेवटी दोन ओळींत उरकलंत! फणसाचं लाकूड वाळवीला सहज जात नाही, जुन्या कोकणातल्या घरांची दारं, देव्हारे उगाच फणसाचे नसायचे. कापल्यावर पिवळंजर्द दिसतं आणि मग वर्षा-दोन वर्षांत मधासारखं तपकिरी होत जातं. दीड इंचाची फळी नीट रचून ठेवली असेल तर २०२१ पासून आत्तापर्यंत मस्त सुकलेली असणार. (उभा फणस तोडायला आपल्याकडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, साग-आंब्यासारखीच, म्हणून तुमच्या फळ्या बघून शेजाऱ्याला मोह झाला तर त्याला हे आधी सांगा.) पण या फळ्या भिंतीवर सजावट म्हणून ठोकून वाया घालवू नका. त्याच्यातून भिंतीचा सांगाडा करा.

तीन फळ्यांच्या दोन-दोन इंची उभ्या पट्ट्या पाडून घ्या सॉ मिलवरून, एका नऊ इंची फळीतून चार निघतात, आठ फुटीचे दोन तुकडे केले की चार फुटाच्या २४ पट्ट्या झाल्या. तुम्हाला लागतात १७, दर दोन फुटांवर एक. या पट्ट्या भिंतीला उभ्या मारायच्या, आडव्या नाही. आडव्या मारल्या तर मागे ओघळणारं पाणी आणि भुसा प्रत्येक पट्टीवर बसून राहतो. उभ्या असल्या की मागे दीड इंचाचा गाळा मोकळा राहतो, खालून हवा आत, वरून बाहेर, भिंत मागच्या मागे वाळत राहते. फक्त खाली आणि वर बारीक जाळी मारा, नाहीतर पहिल्याच वर्षी तिथं कुंभारणी मातीची घरं करतील, आणि उंदराला तर असला दीड इंची बोळ म्हणजे हायवे.

चिऱ्यात गिट्टी धरत नाही ही तक्रार नेहमीची असते, कारण लोक जोडातल्या मातीत भोक मारतात नाहीतर सिमेंटच्या हिशोबाने छोटी गिट्टी घालतात. चिऱ्याच्या मधोमध भोक पाडा, ड्रिल हॅमरवर न टाकता साधं फिरवून, नाहीतर भोक मोठं होतं. दहा मिलिमीटरची लांब नायलॉनची गिट्टी आणि चिऱ्यात निदान अडीच इंच जाईल असा स्क्रू, म्हणजे पट्टी धरून चार इंची. स्क्रू सगळे स्टेनलेसचे. महाग पडतात, माहितीये, पण संख्या मोजून घ्या, किलोवर घेऊ नका.

आणि प्लाय पट्टीला लावताना फक्त स्क्रू. फेविकॉल नको, खिळे नकोत, लिक्विड नेल्स (ट्यूबमधला गोंद) नको. तुम्ही आयुष्यभर बसच्या बॉडीला पत्रे लावलेत आणि काढलेत, तुम्हाला माहितीये की रिव्हेट ड्रिलने उडवता येतं म्हणून आतलं काम करता येतं, तो पत्रा वेल्ड करून टाकला असता तर प्रत्येक वेळी कापावा लागला असता. भिंतीचं तसंच. मी म्हणतो भिंत अशी करा की एका दुपारी दोघांत उघडता येईल. शीटला मागून पेन्सिलीने नंबर टाका. दर वर्षी दसऱ्याला हत्यारांची पूजा करताच, त्याच्या आदल्या दिवशी एक शीट उघडून मागे बघायचं, ओल आहे का, वाळवी आहे का, आणि परत लावायचं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजले बुडाले होते, तुमच्याकडे अडीच फुटांवर थांबलं हे नशीब, पुढच्या वेळी जास्त आलं तर निदान पाणी ओसरल्यावर चारही शीट काढून मागचा चिखल धुता येईल. चिकटवलेलं असेल तर ते सगळं कुजेपर्यंत तसंच बसतं आणि वास मात्र वर्षभर.

शीटच्या कडांना लावायच्या आधी पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ऑइल प्रायमरचे दोन हात द्या, चारी कडांना, प्लायमध्ये पाणी शिरतं ते कडेनेच, पृष्ठभागातून फार थोडं. दोन शीटमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. समोरून पाण्यातल्या पीयूचा एक हात पुरे, किंवा सरळ पांढरा रंग, मला वर्कशॉपमध्ये पांढरा आवडतो कारण कौलाखाली उजेड कमी असतो आणि बारीक रेघ दिसायला पाहिजे. दोन-तीन काचेची कौलं बसवून घ्या बेंचच्या वर, लाइटच्या बिलापेक्षा डोळ्यांसाठी. अळशीचं तेल लावणार असाल तर त्याची भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, हे खरंच होतं, पसरून बाहेर दोरीवर वाळवा.

तुम्हाला एक मोह होईल तो आत्ताच ओळखून सांगतो, पट्ट्यांना जळकं ऑइल. गावात सगळे लावतात, तुमच्या ओळखी डेपोत आहेत, डबाभर फुकट मिळेल. कुंपणाच्या खांबाला लावलंत तर मी काही बोलणार नाही. बंद खोलीत, जिथं तुम्ही दिवसभर हाताने लाकूड हाताळणार, लाकडाचा भुसा उडणार, तिथं नको. ते कातडीला वाईट, त्याचा वास जात नाही, आगीला आमंत्रण आणि त्याच्यावर पुढे कुठलाही रंग बसत नाही. फणसाला फार काही लागत नाही, बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी करून दोन हात मारलेत तरी किडीला पुरतं, फक्त ते पाण्याने धुऊन जातं म्हणून आतल्या कोरड्या कामालाच.

हत्यारं टांगायला फणसाच्याच अजून तीन फळ्या घ्या. त्याच्या पट्ट्या करून एका कडेला ४५ अंशाचा तिरका काप द्यायचा आणि पॅनेलवर आडव्या तीन ओळींत मारायच्या, तिरकी धार वर आणि भिंतीकडे उतरती. स्क्रू मागच्या उभ्या पट्टीत गेला पाहिजे, नुसत्या प्लायमध्ये नाही. मग करवतीचं, रंध्याचं, पटाश्यांचं जे काही स्टँड कराल त्याच्या मागे तसाच उलटा तिरका तुकडा लावायचा, तो वरून अडकतो आणि वजनाने घट्ट बसतो, नको असेल तेव्हा उचलून दुसरीकडे. याला फ्रेंच क्लीट म्हणतात, नाव विसरलात तरी चालेल. खिळा मारून गुण्या टांगायची आपली पद्धत वाईट नाही पण सहा महिन्यांनी तुम्हाला बेंचची जागा बदलाविशी वाटेल, सगळ्यांना वाटते, मग भिंतीची चाळण होते.

वायरिंग पॅनेलच्या मागून नेऊ नका, बाहेरून पाइपातून, वरून खाली, आणि बोर्ड चार फुटांच्या वर. आरसीसीबी (करंट गळला की लाइन लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या, जमीन ओली आणि हातात मशीन असं तुमच्याकडे चार महिने असणार आहे.

फळ्या उरतात आठ. त्यातल्या तीन जोडल्या की सव्वा दोन फूट रुंदीचा बेंचचा वरचा भाग होतो, बाकीच्या पाचांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी मागणार नाही (मागावंसं वाटतंय). सगळं मिळून, चुना आणि गवंडी धरून, निम्म्या बजेटच्या आसपास व्हायला हवं, उरलेल्यात एक चांगला शिकंजा घ्या, स्वस्तातला घेऊ नका.

फणस माळ्यावर असेल तर दिवाळीनंतर काम सुरू करायच्या पंधरा-वीस दिवस आधी गोठ्यातच आणून ठेवा, दोन फळ्यांमध्ये लाकडाच्या चिपा घालून, म्हणजे त्या जागेची हवा त्यांना लागेल, मगच पट्ट्या पाडायला न्या. आणि त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांचं मला कळवा, घाम आतून आला की बाहेरून. १८ फुटी भिंतीवर वरच्या तुकड्याला आतून आला असेल तर वरचं कौल फुटलंय किंवा पन्हळ गळतेय, ते आधी बघावं लागेल, तोपर्यंत प्लाय विकत घेऊ नका.